रिकव्हरी : वसुलीचा शब्द आणि उठून बसणारे शरीर

आमच्या धाराशिव जिल्ह्यात 'रिकव्हरी' हा शब्द परका आहे हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की पारावर, एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात, कारखान्याच्या काट्यावर एकच चौकशी चालते : यंदा रिकव्हरी किती बसली? इथे रिकव्हरी म्हणजे साखर उतारा, शंभर किलो उसातून निघालेली साखर. केंद्र सरकार उसाचा रास्त आणि किफायतशीर दर या उताऱ्याला बांधूनच ठरवते. २०२२-२३ च्या हंगामापासून त्याचा पाया १०.२५ टक्के आहे. त्यामुळे दशांश चिन्हाच्या उजवीकडचे आकडे आमच्याकडे निरक्षर माणसालाही कळतात. मार्च महिना उजाडला की हाच शब्द दुसरे रूप घेऊन दारात उभा राहतो. बँकेचा नाही तर पतसंस्थेचा माणूस 'रिकव्हरीला' आलेला असतो. तिसरा अर्थ दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकू येतो. 'पेशंटची रिकव्हरी चांगली आहे,' असे डॉक्टर सांगतात आणि नातेवाइकांच्या जिवात जीव येतो.

या तीन अर्थांचा एकमेकांशी संबंध नाही असे वरवर वाटते. मला मात्र तो गाढ आहे असे वाटते. पहिल्या अर्थात पिळून काढणे आहे, दुसऱ्यात वसूल करणे. आणि आपण ज्याला आजारातून बरे होणे म्हणतो त्या तिसऱ्या अर्थावर या दोन्हींची सावली पडलेली आहे. दुखण्यातून उठलेल्या शरीराकडे आपण थकबाकीदार म्हणून पाहू लागलो आहोत. इतके दिवस बुडाले, इतकी ताकद गेली, इतके काम राहिले, आता ते सगळे व्याजासह भरून दे, असा तगादा आपण त्या शरीरामागे लावतो. ही दृष्टी चुकीची आहे आणि तिच्यामागे भाषेचाही हात आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

त्यासाठी या शब्दाच्या चौथ्या अर्थाचा आधार घेतो. तो अर्थ आमच्या जिल्ह्यात कोणाला फारसा ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण तो नौकानयनातला, म्हणजे रोइंगमधला आहे. वर्षातला बराच काळ नदीच्या पात्रात वाळूच अधिक दिसते अशा मुलखात बसून वल्ह्यांविषयी लिहिणे थोडे विक्षिप्त दिसेल. परंतु रोइंगचा एक प्रकार पाण्यावाचूनच चालतो. व्यायामशाळेच्या कोपऱ्यात रुळावर सरकणारी बैठक, पुढे साखळीला जोडलेली मूठ आणि जाळीच्या आवरणात फिरणारे पंख्यासारखे चाक असलेले एक लांबट यंत्र असते. रोइंगवाले त्याला अर्गोमीटर म्हणतात. अमेरिकेतील ड्रायसिगेकर बंधूंच्या 'कॉन्सेप्ट टू' या कंपनीने १९८१ साली त्याचे पहिले प्रारूप बाजारात आणले. पाण्यावर जाता येत नाही अशा दिवसांत वल्हेकऱ्यांचा सराव चुकू नये, हा मूळ हेतू होता. पुढे कधीही नावेत न बसलेल्या लाखो लोकांनी ते आपलेसे केले.

या यंत्रावरची एक ओढ म्हणजे चार अवस्थांचे एक आवर्तन असते. पहिल्या अवस्थेत गुडघे दुमडलेले, नडगी उभी, कंबरेतून किंचित पुढे झुकलेले धड आणि सरळ ताणलेले हात, अशी बैठक असते. आपल्याकडच्या माणसाला ती ओळखीची वाटेल, कारण ती जवळजवळ उकिडवे बसणेच आहे. खो-खोच्या चौकोनात 'खो' मिळण्याची वाट पाहणारा खेळाडू साधारण असाच दबा धरून बसतो. आणि खो-खो तर आमच्या जिल्ह्याचा अभिमानाचा खेळ आहे. दुसऱ्या अवस्थेत आधी पाय रेटायचे, मग धड मागे न्यायचे आणि शेवटी हात छातीशी आणायचे. जोर सगळा इथे. तिसरी अवस्था म्हणजे ओढीचा क्षणभराचा शेवट. चौथ्या अवस्थेत हेच सगळे उलट क्रमाने, सावकाश करायचे : आधी हात पुढे, मग धड, मग गुडघे. या चौथ्या अवस्थेत जोर लावायचा नसतो. तिचे नाव रिकव्हरी.

नवशिक्याला जोराची अवस्था म्हणजेच रोइंग असे वाटते. परत येण्याचा काळ त्याला फुकट गेल्यासारखा वाटतो आणि तो धाडकन पुढे सरकतो. कोणताही जाणता प्रशिक्षक त्याला पहिल्यांदा इथेच थांबवतो. संथ लयीत, मिनिटाला अठरा-वीस ओढी चाललेल्या असताना, ओढायला एक भाग वेळ आणि परतायला दोन भाग वेळ, हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. म्हणजे उत्तम वल्हेकरी व्यायामाचा बराच मोठा भाग न ओढता घालवतो. यंत्राच्या रचनेतील एक बारकावा तर मला विलक्षण वाटतो. चाकाला हवेचा किती अवरोध होतो आहे हे यंत्रावरचा संगणक सतत मोजत असतो, आणि ते मोजमाप होते माणूस ओढत नसताना. रिकव्हरीत मोकळे सुटलेले चाक किती वेगाने मंदावते यावरून तो अवरोध काढतो आणि तुमच्या श्रमाचा आकडा त्यावर उभा राहतो. विसावा मोजला नाही तर जोर मोजता येत नाही, असे त्या यंत्राचे गणितच सांगते.

आता दुखण्याकडे वळतो.

आमचे एक सहकारी पन्नाशीच्या आत मणक्याच्या शस्त्रक्रियेला सामोरे गेले. त्याआधी ते या यंत्रावर नियमित बसत आणि दोन हजार मीटरचा आपला वेळ त्यांना जन्मतारखेसारखा पाठ होता. रोइंगच्या जगात दोन हजार मीटर ही प्रमाण कसोटी, ऑलिम्पिकची शर्यतही तेवढ्याच अंतराची. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी, डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी परवानगी दिल्यावर ते पुन्हा यंत्रावर बसले. पहिल्या दिवशी पाच मिनिटे. लोक विचारत, 'सर, आज किती मारले?' ते उत्तर देत, 'आज मारले काही नाही, नुसता बसून आलो.' या उत्तराला लोक हसत. मला मात्र ते उत्तर मराठीतील एका फार जुन्या आणि शहाण्या परंपरेतले वाटते.

ही परंपरा आपल्या बोलण्यातली आहे. घरातले माणूस जिवावरच्या दुखण्यातून वाचले की आयाबाया त्याची खबर कशी देत, हे आठवून पाहावे. 'डोळे उघडले.' 'कूस बदलली.' 'पेज घेतली.' 'तोंडाला चव आली.' 'उठून बसले.' 'भिंतीला धरून चालले.' 'उंबऱ्याबाहेर आले.' 'हुशारी वाटते आता.' 'अंग धरायला लागले.' प्रत्येक वाक्य म्हणजे एक स्वतंत्र मुक्काम आहे, आणि प्रत्येक मुक्कामाला आपापला आनंद आहे. कूस बदलणाऱ्या माणसाला कोणी 'अजून चालत का नाही' असे विचारत नव्हते. आजार आणि आरोग्य यांच्यामधला लांबलचक प्रदेश आपल्या बोलीने असा पावलापावलाने मोजून ठेवलेला होता.

कार्यालयीन भाषेने हा प्रदेश नकाशावरून पुसून टाकला. रजेवरून परतणाऱ्याला फिटनेस सर्टिफिकेट द्यावे लागते. या कागदाला माणसाच्या दोनच अवस्था माहीत आहेत, फिट आणि अनफिट. काल रात्री बारापर्यंत माणूस अनफिट असतो आणि सकाळी सही झाली की पूर्ण वेळापत्रकासह फिट. विद्यार्थ्यांची कथा याहून वेगळी नाही. कावीळ, क्षय, अपघात, शस्त्रक्रिया यांतून उठून वर्गात परतलेला विद्यार्थी दर वर्षी आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात असतो. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा हिशेब, राहिलेली अंतर्गत परीक्षा, वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, हे सारे त्याच्यापुढे आपण एकदम ठेवतो. त्याची थकबाकी काढून त्याच्या हातात देतो, असेच म्हणायला हवे. आणि तो वर्गात पेंगला तर आपल्याला त्याचा उत्साह कमी दिसतो.

या तगाद्याला शरीरशास्त्राचा आधार आहे का? मला उलटेच दिसते. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे एक प्रयोग झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणावर ठेवले आणि नंतर त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. अंथरुणातील त्या तीन आठवड्यांनी त्यांची श्रम करण्याची क्षमता भयंकर घसरली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांची जितकी क्षमता घटली होती, त्याहून अधिक ती तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने घटली होती, असे आढळले. दुखण्यातून उठलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागते ती मनाची दुर्बलता नव्हे, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको. प्रयोगाचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. पन्नाशीच्या या पाच जणांनी सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केला आणि वयाने गेलेली क्षमता परत मिळवली. ते विशीतल्या मूळ पातळीवर आले. मात्र विशीत त्या वेळच्या कसून घेतलेल्या प्रशिक्षणानंतर त्यांनी जे शिखर गाठले होते, तिथे पुन्हा कोणीही पोहोचला नाही. खूप काही परत मिळते, सगळे मिळत नाही, आणि जे मिळते ते सावकाश मिळते, असा या प्रयोगाचा अर्थ मी घेतो.

म्हणूनच 'पूर्ववत' या शब्दाशी माझे भांडण आहे. 'आता पूर्ववत झालात ना?' ही चौकशी आपुलकीची असते, पण तिच्यात एक अट दडलेली असते. यंत्राच्या पडद्यावर पाचशे मीटरला लागणारा वेळ सतत दिसत राहतो. आजारापूर्वीचा आकडा आठवणारा माणूस त्या पडद्यासमोर बसला की त्याची शर्यत एका अनुपस्थित माणसाशी सुरू होते. तो अनुपस्थित माणूस त्याचाच असतो, फक्त दोन वर्षांपूर्वीचा. आणि तो कधीच थकत नाही. या शर्यतीत पाठ पुन्हा दुखावून घेणारे कमी नाहीत. वल्हेकऱ्यांच्या दुखापतींत कंबरेची दुखापत अग्रक्रमावर असते, हे लक्षात घेतले म्हणजे यातला धोका कळेल. यंत्राचा एक गुण मात्र रुग्णाच्या बाजूचा आहे. त्यात ठरावीक वजन नसते. तुम्ही जितका जोर लावाल तितकाच अवरोध ते परत देते. हलके ओढले तर तेही हलकेच वागते. गुडघ्यांवर आदळआपट नाही, मुरडणे नाही. तगादा यंत्र लावत नाही, आकड्याकडे पाहणारे डोळे लावतात.

आपल्या साहित्याने आणि वृत्तपत्रांनी या डोळ्यांना काय शिकवले, हा प्रश्न इथे येतो. दत्तू भोकनळचे उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावातला हा मुलगा सैन्यात गेला, तिथे पहिल्यांदा वल्हे हाती धरले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला, २३ ऑगस्ट रोजी, एकेरीच्या अंतिम शर्यतीत प्रकृती बिघडलेल्या अवस्थेत तो सर्वांत शेवटी, सहावा आला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळवले. या घटनेचे मोल मी तिळमात्र कमी करत नाही. तो पराक्रमच होता. पण ही कथा जेव्हा 'एका रात्रीत फिनिक्स भरारी' म्हणून सांगितली जाते, तेव्हा ती आजारी माणसाच्या विरोधात साक्ष देऊ लागते. त्याला रात्रीत जमते, तुला महिन्यात का नाही? त्याच नौकेतला स्वर्ण सिंग पाठीच्या दुखापतीने दीर्घ काळ स्पर्धेबाहेर राहून परतलेला होता. ती कथा मात्र मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचली नाही, कारण तिच्यात रात्र नाही, महिने आहेत; आणि महिन्यांची बातमी होत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. नारायण कोंगनपल्ले हा आंध्र प्रदेशचा जवान. जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्यात १९४४ पासून सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. अवयव गमावलेल्या कित्येक जवानांचे दुसरे आयुष्य या शहरात सुरू झाले, आणि नारायणच्या हाती वल्हे आले तेही पुण्यातच. २०२३ मध्ये हांगझोऊच्या पॅरा-आशियाई स्पर्धेत अनिता हिच्यासह त्याने मिश्र दुहेरीत रौप्यपदक मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्येही ही जोडी उतरली. इथे 'पूर्ववत' हा शब्द अक्षरशः निरर्थक ठरतो. पाय परत आला नाही. तो जिथे पोहोचला ती जागा त्याच्या पूर्वायुष्यात अस्तित्वातच नव्हती.

मराठी साहित्यात या मधल्या प्रदेशाच्या पाऊलखुणा नाहीत असे मी म्हणणार नाही. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आपल्याकडे पुष्कळ वाचले गेले. बाबा आमट्यांना पाठीच्या कण्याच्या विकाराने बसणे अशक्य केले. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच उरले. त्या अवस्थेत १९८५-८६ साली त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर हे 'भारत जोडो' अभियान काढले. तरुण सायकलवर आणि बाबा वाहनात आडवे. ही दोन्ही उदाहरणे आपण वर्गात सांगतो, पण कशी सांगतो? 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळून. जिद्द हा शब्द मला अलीकडे फार संशयास्पद वाटू लागला आहे. तो वापरला की रोजचे पाठीचे दुखणे, दुसऱ्याने उचलून ठेवण्यातली लाज, सवयीची उपकरणे, सोबतीची माणसे, पैशाची तजवीज हे सगळे अदृश्य होते आणि एक इच्छाशक्ती तेवढी उरते. मग जो बरा होत नाही त्याची इच्छाशक्ती कमी, असा निष्कर्ष न बोलता निघतो. आजारावरची कादंबरी शिकवताना आपण मृत्यूच्या प्रसंगावर टिपणे काढून घेतो आणि विजयाच्या प्रसंगावर प्रश्न विचारतो. पेज पिण्याच्या पानांवर प्रश्न निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

श्रम आणि भाषा यांचा आणखी एक संबंध इथे नोंदवण्यासारखा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची तीव्रता मोजण्यासाठी सहा ते वीस अशी एक पट्टी तयार केली, आणि तिच्यावर आकड्यांसोबत शब्द लिहिले. अगदी हलके, हलके, थोडे जड, जड, फार जड, असे. पुनर्वसनाच्या व्यायामात ही पट्टी आजही वापरतात. रुग्णाने ओढता ओढता आपल्याला काय वाटते ते शब्दात सांगायचे आणि त्या शब्दावर पुढचा व्यायाम ठरवायचा. नाडी मोजणारी उपकरणे असतानाही रुग्णाच्या शब्दाला पुरावा मानणारी ही पद्धत भाषेच्या शिक्षकाला आनंद देणारी आहे. याहून सोपी कसोटी बोलण्याची. व्यायाम करताना अखंड वाक्य बोलता येत असेल तर श्रम बेताचे; दोन शब्दांवर दम तुटत असेल तर ते जास्त झाले.

ही कसोटी वाचताना मला जाते आठवले. जात्यावर बसलेली बाई एका जागी बसून, पुढे-मागे झुकत, एकाच लयीत कित्येक घटका ओढत असे. कुठेही न जाता मैलांचे श्रम करत असे. आणि त्या श्रमांच्या श्वासात ओवी बसवत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या अशा लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. ओवी म्हणता येणे म्हणजे दम शिल्लक असणे. या अर्थाने ओवी हे काव्य होते तसेच श्रमाचे मापही होते. पण इथेच थांबून जात्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते श्रम तिने निवडलेले नव्हते. बाळंतपणातून, तापातून उठलेली बाई जात्यापाशी किती दिवसांनी बसली हे तिची हुशारी ठरवत नसे, घरातले पीठ ठरवत असे.

आणि हा प्रश्न जात्याबरोबर संपलेला नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. बीड आमच्या शिवेला लागून आहे, आणि आमच्या जिल्ह्यातूनही कोयते दर वर्षी बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, एक दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा बाईच्या आयुष्यात शस्त्रक्रियेनंतरच्या विसाव्याला जागा कुठे आहे? लेखाच्या आरंभी सांगितलेले तिन्ही अर्थ तिच्यापाशी एकत्र येतात. ती तोडते त्या उसाची रिकव्हरी मोजली जाते, तिच्या उचलीची रिकव्हरी केली जाते, आणि तिच्या शरीराची रिकव्हरी तेवढी राहून जाते.

'आजारानंतर व्यायामाकडे परतणे' हा विषय सुखवस्तूंचा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. यंत्र महाग आहे, वेळ महाग आहे, हे खरेच. माझे म्हणणे असे की, विसावा हा सुखवस्तूंचा विषय होऊन बसला आहे, हीच तक्रार आहे. यंत्रावरचा वल्हेकरी एक भाग ओढतो आणि दोन भाग परततो, तेव्हा त्याला कोणी आळशी म्हणत नाही. ते त्याचे कौशल्य ठरते. तीच मुभा कोयत्यावरच्या बाईला, शस्त्रक्रियेनंतर वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकाला आणि काविळीतून उठलेल्या विद्यार्थ्याला का नसावी?

आमच्या जिल्ह्याला या बाबतीत एक शब्द अनुभवाने ठाऊक आहे, तो म्हणजे पुनर्वसन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. उमरगा-लोहारा भागात आजही 'जुने गाव' आणि 'नवे गाव' असे बोलले जाते. नव्या गावात रस्ते सरळ आहेत, घरे दूर दूर आहेत, आणि जुन्या गल्लीतला शेजार त्यात जसाच्या तसा बसला नाही. तरीही तिथे लग्ने झाली, पोळे झाले, मुले मोठी झाली. ते गाव पूर्ववत झाले असे तिथला कोणी म्हणणार नाही, आणि ते उभे राहिले नाही असेही म्हणणार नाही. मराठीत शरीराच्या पुनर्वसनाला आणि गावाच्या पुनर्वसनाला एकच शब्द आहे, हा योगायोग मला मोलाचा वाटतो. वसुलीत गेलेले परत मागितले जाते. वसण्यात नव्या जागी घर करायचे असते.

म्हणून 'रिकव्हरी' या शब्दाला प्रतिशब्द शोधायची मला घाई नाही. तो कारखान्यात आणि बँकेत खुशाल राहो. दवाखान्यातून परतलेल्या माणसासाठी आपल्याकडे 'अंग धरणे' आहे, 'सावरणे' आहे, 'हुशारी वाटणे' आहे. हे शब्द वर्गात, परीक्षणांत, रजेच्या अर्जांत आणि एकमेकांची विचारपूस करताना आपण भाषेच्या माणसांनी पुन्हा वापरात आणावेत. 'पूर्ववत झालात का?' ऐवजी 'आज कुठवर आलात?' असे विचारले तरी ऐकणाऱ्याचा श्वास थोडा मोकळा होईल. आणि येत्या सत्रात दुखण्यातून उठलेला एखादा विद्यार्थी मागच्या बाकावर येऊन बसला, तर राहिलेल्या टिपणांचा गठ्ठा पहिल्याच दिवशी त्याच्या हाती देऊ नये. त्याला आधी नुसते बसू द्यावे.